आजीने कोणाच्या बाजूने बसावे?

‘आमचे घर मोठे आहे आणि सगळे एकमेकांना धरून आहेत, पण एका मुलाने देवधर्म सोडला तेव्हापासून भावंडे त्याच्याशी धड बोलत नाहीत, आणि प्रत्येक जण आपले गाऱ्हाणे घेऊन माझ्याकडे येतो. मी कोणाची बाजू घ्यावी? माझ्याच संस्कारांत काही कमी पडले का?’ हा प्रश्न मला वयस्क स्त्रिया वारंवार विचारतात. त्याला उत्तर म्हणून मी येथे मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथातील एका आजींची हकिगत सांगणार आहे, कारण ज्या घरात कुटुंबाची एकी हाच धर्माचा गाभा मानला जातो, तेथे हा पेच सर्वांत उघडपणे दिसतो. अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला मी कौटुंबिक समुपदेशक म्हणून काम करते. आजींच्या संमतीनेच हे लिहीत आहे. त्यांचे नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

आजींचे वय शहात्तर, पती निवर्तलेले, सात मुले, तिसाहून अधिक नातवंडे आणि आता पतवंडेही. 1847 मध्ये ब्रिगहम यंग यांच्या नेतृत्वाखाली जे मॉर्मन या खोऱ्यात येऊन वसले, त्यांच्यापर्यंत हे घराणे आपले मूळ नेते, आणि 24 जुलैचा पायोनियर डे, म्हणजे त्या आगमनाचा स्मरणदिन, आला की पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा नातवंडांना सांगण्याचे काम आजींकडेच असते. पती काही वर्षे बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचे प्रमुख, होते. या पंथात स्थानिक बिशपला वेतन नसते. स्वतःची नोकरी सांभाळून तो संध्याकाळ आणि रविवार मंडळीसाठी देतो. त्या काळात सात मुलांचे संगोपन बव्हंशी आजींनी एकटीने केले, हे त्यांनी फारसे महत्त्व न देता सांगितले. मला मात्र ते महत्त्वाचे वाटले.

त्यांचा आठवडा कुटुंबाभोवतीच आखलेला होता. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवायची, ही या पंथाची जुनी शिकवण आहे. 1915 मध्ये तिचा पुरस्कार झाला आणि 1970 पासून सोमवार हा वार ठरला. रविवारी उपासना आटोपली की जवळपास राहणारी सगळी मुले-नातवंडे आजींकडे जेवायला येत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपवास असतो आणि वाचलेल्या अन्नाचे मोल गरजूंसाठी दिले जाते, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी उपवास सोडायला तर हमखास गर्दी होई. आठव्या वर्षी होणारे बाप्तिस्मे, नवजात बाळांचे आशीर्वाद, धर्मप्रचाराला निघालेल्या नातवंडांचे निरोप, हे सारे स्वयंपाकघरातील एका मोठ्या दिनदर्शिकेवर वेगवेगळ्या रंगांत लिहिलेले असे. पूर्वी प्रचाराला गेलेल्या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता येत असे. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला बोलता येते, आणि मग आईवडिलांपाठोपाठ आजीचाही नंबर लागतो. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले मराठी आईवडील शेजारच्या अशा घराकडे पाहून मला कौतुकाने म्हणतात, की हे लोक अजून एकत्र आहेत. ते खरेही आहे. मात्र ती एकी रोज कोणाच्या हातांवर तोललेली असते, हे कुंपणापलीकडून दिसत नाही.

आजी माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. डॉक्टरांनी थायरॉइड, चालू औषधे, श्वासाचा त्रास हे सगळे तपासून मग त्यांना माझ्याकडे पाठवले होते. घरात काही ताण आहे का असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘उलट देवाची कृपा आहे, माझ्यासारखे घर सगळ्यांना मिळावे.’ अशा उत्तरावर मी सहसा वाद घालत नाही. कालचा दिवस तासातासाने सांगा, एवढीच विनंती केली, आणि चित्र समोर आले. पहाटे पाचपासून त्यांचा फोन वाजत होता. थोरल्या मुलीने विचारले होते, ‘तो लग्नाच्या जेवणाला तरी येणार आहे का? आई, तूच विचार.’ त्या मुलाचा निरोप होता, ‘तिला सांग, मला उपदेश करणारी पत्रे पाठवू नकोस.’ धाकट्या सुनेला काळजी होती, की या काकांसमोर आपल्या मुलांनी काही भलतेच प्रश्न विचारले तर काय करायचे. आजी प्रत्येकाचा निरोप थोडा मऊ करून दुसऱ्याला पोहोचवत होत्या आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण कोणाला काय सांगितले, हे आठवत जाग्या राहत होत्या.

तो म्हणजे त्यांचा तिसरा मुलगा. काही वर्षांपूर्वी त्याचा विश्वास उडाला आणि त्याने चर्चला जाणे थांबवले. त्याची पत्नी आणि मुले मात्र श्रद्धावान राहिली. आता त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि ते टेम्पलमध्ये, म्हणजे खास विधींसाठीच्या पवित्र वास्तूत, व्हायचे होते. रविवारची उपासना सर्वांना खुली असते, टेम्पल तसे नसते. बिशप आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याच्या मुलाखती होऊन ज्याला प्रवेशपत्र मिळते, त्यालाच आत जाता येते, आणि जो पंथाचे नियम पाळत नाही त्याला ते मिळत नाही. वधूवर वेदीच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसतात, समोरासमोरच्या भिंतींवरच्या आरशांत त्यांची प्रतिबिंबे एकात एक अशी दूरवर दिसत राहतात, आणि हे नाते मृत्यूपाशी न संपता अनंतकाळ टिकेल असे मानले जाते. अशा सोहळ्याला सख्खा बाप असणार नव्हता. तो बाहेरच्या आवारात थांबणार होता. युटात हे दृश्य दुर्मीळ नाही. पूर्वी येथे आधी साधे कायदेशीर लग्न केले, तर टेम्पलमधल्या विधीसाठी वर्षभर थांबावे लागे. मे 2019 मध्ये ती अट निघाली, त्यामुळे आता सर्वांदेखत लग्न लावून मग टेम्पलमध्ये जाता येते. तरीही टेम्पलमधलेच खरे लग्न, बाकी सगळी तडजोड, ही भावना अनेक घरांत टिकून आहे.

आजींची कोंडी अशी होती, की आत जावे तर मुलाला बाहेर सोडल्यासारखे होते आणि त्याच्यासोबत बाहेर बसावे तर नातीचा, आणि स्वतःच्या श्रद्धेचाही, अवमान होतो. उरलेल्या सहा मुलांची मते अर्थातच तयार होती.

या प्रश्नाला आम्ही लगेच हात घातला नाही, कारण त्याच्याखाली दुसराच प्रश्न दडलेला होता. आजींच्या जेवणघरात एक जुने भरतकाम टांगलेले होते. त्यावर चर्चचे पूर्वीचे अध्यक्ष डेव्हिड ओ. मॅके यांनी लोकप्रिय केलेले वचन होते: घरातल्या अपयशाची भरपाई दुसऱ्या कोणत्याही यशाने होत नाही. वडिलांनी घराकडे पाठ फिरवू नये म्हणून सांगितलेले हे वचन आजी गेली काही वर्षे स्वतःविरुद्धचा निकाल म्हणून वाचत होत्या. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे कुटुंब परलोकातही एकत्र असते आणि तेथे एकही खुर्ची रिकामी राहू नये, असे घरोघरी बोलले जाते. म्हणजे मुलगा जिवंत आहे, रविवारी समोर बसून बटाटे वाढून घेत आहे, आणि तरी आईच्या मनात त्याची जागा रिकामी झालेली आहे. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी अशा धूसर वियोगाचा अभ्यास केला आहे. माणूस असतो आणि नसतो, त्यामुळे धड रडताही येत नाही. रडण्याची सोय नसली की दुःख अपराधाचे रूप घेते, असा माझा अनुभव आहे, कारण आपले काही चुकले असेल तर ते दुरुस्त करता येईल, ही आशा अपराधीपणात शिल्लक असते.

तुमची श्रद्धा सैल करा, असे मी त्यांना सांगणे गैर ठरले असते आणि निरुपयोगीही. समुपदेशकाचे काम कोणाला धर्मात आणणे नाही आणि बाहेर काढणेही नाही. ‘तुमच्याच ग्रंथात असे घर कुठे आहे का?’ एवढेच मी विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘पहिल्याच पानांपासून आहे की. लीहाय.’ मॉर्मन ग्रंथाच्या आरंभी येणारा हा संदेष्टा आपले कुटुंब घेऊन जेरुसलेम सोडतो. त्याच आईबापांची, त्याच तंबूत वाढलेली मुले. पण नीफाय वडिलांच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि थोरले दोघे, लेमन आणि लेम्युएल, सतत उलटतात. ‘लीहायला मी कधी वाईट बाप म्हटले नाही,’ असे आजी स्वतःच म्हणाल्या. त्यानंतर त्या मुलासाठी मोकळेपणी रडू लागल्या, आणि ते रडणे मला त्यांच्या जागरणापेक्षा कितीतरी निरोगी वाटले.

दुसरे काम निरोप थांबवण्याचे होते. दोन माणसांमधला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, हे मरी बोवेन या मनोविकारतज्ज्ञांनी कुटुंबांच्या निरीक्षणातून मांडले. त्यामुळे त्या दोघांना तात्पुरते बरे वाटते आणि तिसऱ्याची तब्येत बिघडते. आजी एकाच वेळी अशा निदान पाच त्रिकोणांत उभ्या होत्या. आम्ही एकच वाक्य ठरवले: ‘हे तू त्यालाच सांग, मी पोहोचवणार नाही.’ वाक्य सोपे, पण ते उच्चारायला त्यांना फार जड गेले, आणि थोरली मुलगी तर माझ्यावरच रागावली. तिला भेटीला बोलावल्यावर तिची भीती कळली: वडिलांच्या अंत्यविधीनंतर सगळ्यांना पुन्हा एका टेबलाशी आणणारी एकटी आईच होती, आणि तिने हात काढून घेतला तर घर विखुरेल. ही भीती खोटी नव्हती. आईने दार बंद करू नये, फक्त टपाल वाहणे थांबवावे, हा फरक तिला पटायला वेळ लागला, आणि तो पूर्णपणे पटला असे मी आजही म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट आजींनी स्वतः ठरवली. दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये चर्चची सार्वत्रिक परिषद होते; तिच्यातली निवडक भाषणे त्या या मुलाला न चुकता पाठवत असत आणि तो न चुकता उत्तर देत नसे. ते त्यांनी बंद केले. सप्टेंबरमध्ये पीच बरण्यांत भरायच्या वेळी त्यांनी त्याला मदतीला बोलावले. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलेली फळे गार पाण्यात टाकायची, सुटलेली साल अंगठ्याने सरकवायची, अर्ध्या फोडी पोकळ बाजू खाली करून काचेच्या बरणीत रचायच्या आणि त्यावर पाक ओतायचा, हे काम तो लहानपणापासून करत आला होता. दुपारभर आजींनी चर्चचा विषय काढला नाही. ‘तुला झोप येते का?’ असे मात्र विचारले. त्यालाही येत नव्हती. मुलीच्या लग्नात आपण आवारातल्या बाकावर बसलेले असू, या विचाराने तो महिनोन्‌महिने जागा होता, आणि हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर ‘मग परत ये’ हेच उत्तर मिळाले असते.

आजींनी तसे उत्तर दिले नाही. त्यांनी सांगितले, की मी आत जाणार आहे, कारण माझा त्यावर विश्वास आहे आणि नातीला मी हवी आहे. तू बाहेर असशील याचे मला दुःख होईल, आणि ते मी लपवणार नाही. आईने तोंडावर सांगितलेले हे पहिले वाक्य, असे तो नंतर म्हणाला. नातीलाही त्यांनी एकदाच सुचवले, की आधी सर्वांदेखत लग्न लावण्याचा मार्ग आता खुला आहे, आणि विषय तिथेच सोडला. नातीने तो मार्ग घेतला नाही. मला व्यक्तिशः तिने तो घेतला असता तर बरे वाटले असते, परंतु निर्णय तिचा होता. लग्नाच्या दिवशी मुलगा बाहेर घरातली लहान मुले सांभाळत थांबला, कारण मुलांनाही आत नेत नाहीत. त्याला वाईट वाटले, आणि या वेळी ते वाईट वाटणे मिटवण्याचा प्रयत्न आजींनी केला नाही. दुपारी स्वागतसमारंभात त्याने मुलीसाठी चार शब्द बोलले. थोरली बहीण त्याच्याशी जेमतेम बोलली.

आता ज्या आज्या आणि आया विचारतात की बाजू कोणाची घ्यावी, त्यांना माझे उत्तर असे, की बहुतेक वेळा बाजू मागितलेलीच नसते. मागितलेला असतो तो मध्यस्थ, आणि ते काम तुम्ही नाकारू शकता. ज्याने वेगळी वाट धरली त्याच्याशी धर्माव्यतिरिक्त शेवटचे कशाबद्दल बोललात, ते आठवून पाहा. आठवत नसेल तर तेथून सुरुवात करावी. स्वतःची श्रद्धा मात्र त्याच्यासाठी दडवून ठेवू नये, कारण मुलांना ती दडवादडवी लगेच कळते. मुलाच्या निर्णयात आपला वाटा किती, या हिशेबात पडलेल्या आईला मी एवढेच विचारते, की मग बाकीच्या मुलांच्या श्रद्धेचे श्रेयही पूर्णपणे तुमचेच का? आणि झोप, भूक किंवा वजन दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, तर समुपदेशकाआधी डॉक्टरांना भेटावे. या वयात उदासीनता पुष्कळदा अंगदुखीच्या आणि थकव्याच्या वेशात येते, आणि मोठ्या, गजबजलेल्या घरात तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.