'तुरळक ठिकाणी मुसळधार' : पाऊस थोडा की फार?

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे : "बातम्यांत 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता' असं सांगतात आणि आमचे आजोबा दर वेळी चिडतात. 'तुरळक बी म्हनतस, मुसयधार बी म्हनतस, मंग पानी पडी का नही?' हे दोन शब्द एका वाक्यात कसे नांदतात? आणि साध्या माणसाला सांगायच्या अंदाजात एवढी तांत्रिक भाषा हवीच कशाला?"

ताई, आजोबांचं चिडणं रास्त आहे. आधी अर्थ सांगतो.

या वाक्यातला 'तुरळक' पावसाचं विशेषण नाही, ते 'ठिकाणी' या शब्दाचं विशेषण आहे. पाऊस किती पडेल हे 'मुसळधार' सांगतो. किती जागी पडेल हे 'तुरळक' सांगतो. हवामान खात्याच्या परिभाषेत हे दोन्ही शब्द आकड्यांना बांधलेले आहेत. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', 26 ते 50 टक्क्यांवर असेल तर 'काही ठिकाणी', 51 ते 75 टक्क्यांवर 'अनेक ठिकाणी' आणि त्याच्याही वर गेला की 'बहुतांश ठिकाणी'. मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलीमीटर. 115.6 पासून 'अति मुसळधार', 204.5 आणि पुढे 'अत्यंत मुसळधार'. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात. म्हणून रात्री दोन वाजता कोसळलेला पाऊस सकाळच्या नोंदीत 'आजचा' म्हणून दिसतो.

म्हणजे पूर्ण वाक्याचा अर्थ असा : जोराचा पाऊस चार केंद्रांपैकी फार तर एका केंद्रावर, पण जिथे पडेल तिथे 65 मिलीमीटरच्या पुढे. जुनी माणसं 'बैलाचं एक शिंग ओलं, एक कोरडं' म्हणतात, तोच हा पाऊस. फक्त ओलं शिंग चांगलंच ओलं.

आता मराठी कानाला हे चुकीचं का ऐकू येतं, ते पाहण्यासारखं आहे. आपण 'तुरळक' कुठे वापरतो? तुरळक गर्दी, तुरळक वस्ती, डोक्यावरचे तुरळक केस. सगळीकडे भाव एकच : थोडं, विरळ, मनावर घेण्यासारखं नाही. हा शब्द ऐकला की मन सैल होतं. 'तुरळक' म्हणताच ऐकणाऱ्याचा निम्मा निर्णय झालेला असतो, मागून आलेला 'मुसळधार' त्याला गाठेपर्यंत उशीर होतो. मूळ इंग्रजीत तिथे 'आयसोलेटेड' आहे. त्याचा भाव 'सुटंसुटं, एकेकटं' असा. त्या शब्दात जागांमधलं अंतर आहे, पावसाचा कमीपणा नाही. मराठीत आणताना अंतराच्या जागी कमीपणा आला.

त्यात मथळ्याची घाई. 'तुरळक ठिकाणी पाऊस' यातला 'ठिकाणी' जागेअभावी गळतो आणि उरतो 'तुरळक पाऊस'. हा तर अगदी वेगळाच अंदाज झाला. एक विशेषण एका नामावरून दुसऱ्यावर जाऊन बसलं, एवढंच व्याकरणात घडलं. पण माझ्या मामांचं यावल तालुक्यातलं खळं त्यापायी भिजलं होतं. मक्याची कणसं खळ्यावर पसरलेली, घरात ताडपत्री होती, आणि कुणीतरी 'तुरळक आहे' असं बातमीतून ऐकून आलेलं. पहाटे कणसांखालून पाणी वाहत होतं. मामा अजूनही म्हणतात, 'तुरळक' हा शब्द नसता तर ताडपत्री नक्की टाकली असती.

मला विचाराल तर 'तुरळक ठिकाणी'ऐवजी 'एखाद-दुसऱ्या ठिकाणी' म्हणावं. शब्द घरचा आहे आणि तो पावसाला चिकटू शकत नाही. 'एखाद-दुसरा पाऊस' असं कुणी मथळ्यातसुद्धा म्हणणार नाही. 'विखुरलेल्या ठिकाणी' असाही पर्याय काही जण सुचवतात. तो चूक नाही, पण त्यात किती ठिकाणं हे कळत नाही. दहा ठिकाणंही विखुरलेली असतात आणि शंभरही.

खरं तर मला 'तुरळक'पेक्षा जास्त खटकतो तो 'हलका ते मध्यम'. हा शब्दप्रयोग आजोबांना खटकत नसेल, कारण तो समजल्यासारखा वाटतो. पण परिभाषेत हलका पाऊस 2.5 मिलीमीटरपासून सुरू होतो आणि मध्यम 64.4 पर्यंत जातो. दोन टोकांत पंचवीसपटीचं अंतर. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एकरी साधारण चार हजार लिटर. त्या हिशेबाने 'हलका ते मध्यम' म्हणजे एकरी दहा हजार लिटरपासून अडीच लाख लिटरपर्यंत काहीही! अडीच मिलीमीटरने वावरातली धूळ बसते, मातीचा वास येतो, बस. साठ मिलीमीटरने काळ्या रानात चार दिवस पाय ठेवता येत नाही. आपल्या बोलीत साठ मिलीमीटरच्या पावसाला 'मध्यम' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि इथेच ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. जूनमध्ये कृषी खातं सांगतं : 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. हा सल्ला मिलीमीटरमध्ये. जिराईत कपाशी टोबायची की थांबायचं, बियाण्याचं पाकीट फोडायचं की नाही, हे त्यावर ठरतं. पण ज्या अंदाजाच्या भरवशावर थांबायचं तो येतो 'हलका ते मध्यम' असा. एकाच माणसाशी दोघं दोन भाषांत बोलत आहेत. म्हणजे इथे तांत्रिक तपशील फार झाला, ही तक्रारच होऊ शकत नाही. हवा असलेला तपशील शब्दाच्या पोटात दडवून ठेवला आहे.

'लोकांना आकडे कळत नाहीत' हे म्हणणं मला मान्य नाही, निदान आमच्या खान्देशात तरी. रावेर-यावलमधला केळीवाला ठिबकमधून 19:19:19 हे विद्राव्य खत कधी सोडायचं, 0:52:34 कधी आणि 13:0:45 कधी हे तोंडपाठ सांगतो. ड्रिपर किती लिटरचं, पाण्याचा पीएच किती, हे ओट्यावर बसून बोललं जातं. पाऊस झाल्यावर फोनवर पहिला प्रश्न "तुमच्याकडे किती एमएम?" असाच असतो. कुणी त्याला मिलीमीटरदेखील म्हणत नाही, सरळ एमएम. तांत्रिक शब्द कामाचा असला की लोक तो पोसतात, वाकवतात, आपला करून घेतात.

वाऱ्याचं उदाहरण घ्या. अंदाजात 'ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा' असं येतं. इथे शब्दही आहे आणि आकडाही. मे-जूनच्या वादळात बागेच्या बागा आडव्या होतात, म्हणून केळीवाल्याचं लक्ष 'सोसाट्या'पेक्षा आकड्याकडे असतं. टेकू द्यायचे की नाही, कापणीला आलेले घड आजच उतरवायचे का, हे तो त्यावरून ठरवतो. हवामानावर आधारित पीक विम्यातही तापमान नि वाऱ्याचा वेग आकड्यांतच मोजतात. वाऱ्याला जे जमलं ते पावसाला जमायला हरकत नसावी.

तापीकाठचं उदाहरण तर याहून सुंदर आहे. हतनूर धरणातून पाणी सोडताना विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, पण हे काठावर फार जणांना माहीत नसतं आणि अडतही नाही. कारण त्याच बातमीत 41 पैकी किती दरवाजे उघडले हेही असतं. 'सगळे दरवाजे पूर्ण उघडले' म्हटलं की भुसावळपासून खालच्या गावांना पाणी कुठवर येणार ते कळतं. हिशेब करणाऱ्याला क्युसेक, डोळ्यांपुढे आणणाऱ्याला दरवाजे. दोन्ही एका वाक्यात, आणि एकमेकांची अडचण होत नाही.

मग नको असलेली तांत्रिक भाषा कोणती? माझ्या मते अंदाजाच्या सुरुवातीलाच येणारी कारणांची माळ. 'वायव्य बंगालच्या उपसागरावर चक्राकार वाऱ्यांची स्थिती, तिथपासून अमुकपर्यंत द्रोणीय रेषा' वगैरे. ज्याला गोडी आहे त्याने ती जरूर ऐकावी, मी स्वतः ऐकतो. पण ती शेवटी यावी. वावरात उभ्या माणसाला आधी कुठे, किती, केव्हा, आणि हे सांगणाऱ्याला स्वतःला किती खात्री आहे, ते हवं. गंमत अशी की ही द्रोणीय रेषा कुणी गाळत नाही, कारण ती ऐकायला भारदस्त आहे, आणि 'सोपं करण्याच्या' नावाखाली कात्री लागते ती मिलीमीटर नि टक्क्यांना.

खात्रीवरून 'शक्यता' हा शब्द आठवला. त्याच्यामागेही आकडे आहेत. खात्याच्या इंग्रजी पत्रकात 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे 50 ते 75, 'मोस्ट लाइकली' म्हणजे 75 च्या वर. मराठीत येताना तिन्हींची बऱ्याचदा एकच 'शक्यता' होते. नीट पाहा : नुसती 'लाइकली' म्हणजे न होण्याचाच संभव अधिक. आपल्याकडे यासाठी शब्द नाहीत असं थोडंच आहे? 'पडला तर पडेल', 'बहुधा पडेल', 'पडणारच' या तीन पायऱ्या कुठल्याही आजीला कळतात. त्या वापरून शेजारी टक्का दिला तर काय बिघडतं? 'शक्यता नाकारता येत नाही' हे मात्र कृपा करून कुणी लिहू नये. त्यात ना शब्द आहे ना आकडा.

इशाऱ्याच्या रंगांचंही थोडं सांगतो, कारण तिथेही गोंधळ आहे. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग पाऊस मोजत नाहीत. तयारी किती ठेवायची ते सांगतात : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हालचाल करा. 'यलो अलर्ट, म्हणजे कमी पाऊस' असा अर्थ काढू नये.

उन्हाळ्यात 'लाट' शब्दाचीही अशीच ओढाताण होते. मैदानी भागात तापमान किमान 40 अंश आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त असलं तर उष्णतेची लाट. किंवा सरासरी न पाहता थेट 45 अंश. आता मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश ज्यांच्या अंगवळणी पडले आहेत त्या जळगाव-भुसावळकरांना 44 अंशांत घराबाहेर पडवत नाही, पण लाट 'नसते'. कारण लाट ही सरासरीवरून उठते, आणि आपली सरासरीच उंच आहे. इथे एक वाक्य जोडलं की काम भागतं : लाट नाही, तरी 44 अंश आहे.

आता बातमीच्या वाक्यातला तो शब्द, ज्यावर आजोबा चिडले नाहीत पण चिडायला हवं होतं : मध्य महाराष्ट्र. शाळेच्या नकाशात शिरपूर उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मध्य महाराष्ट्र ऐकून आपला काही संबंध नाही असं कुणालाही वाटेल. पण हवामान खात्याने राज्याचे चार उपविभाग मानले आहेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. नंदुरबार, धुळे, जळगाव हे तिन्ही जिल्हे मध्य महाराष्ट्रात येतात, थेट कोल्हापूर-सोलापूरसोबत. म्हणजे महाबळेश्वरचा पाऊस आणि शिंदखेड्याचा पाऊस एका नावाखाली. अशा पसाऱ्यात 'तुरळक ठिकाणी' म्हटल्यावर ते ठिकाण घाटमाथ्यावरचं की धुळ्याच्या पांझरा नदीकाठचं, हे कसं कळावं? म्हणून उपविभागाचा अंदाज ऐकून थांबू नये, खालचा जिल्ह्याचा अंदाज पाहावा. तो निघतो. आणि तापीकाठच्यांनी विदर्भाचाही ऐकावा, कारण पूर्णेचं पाणी तिकडून येतं.

'हवामान अंदाज' या दोन शब्दांकडे पाहताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. 'हवामान'मध्ये 'मान' आहे, तापमान-पर्जन्यमानातलंच, म्हणजे मोजमाप. आणि 'अंदाज' फारसीतून आला. तिथे 'अंदाजा' म्हणजे मापच. दोन्ही शब्दांच्या पोटात मोजणं आहे. मराठीत अंदाजाचा अर्थ 'ठोकून दिलेला तर्क' इथवर घसरला, तो बोलण्याबोलण्यात. मोजून सांगणाऱ्यांनी माप लपवलं की तो घसरलेला अर्थच खरा वाटू लागतो.

तर ताई, पुढच्या वेळी तेच वाक्य धुळे जिल्ह्याच्या अंदाजात आलं तर आजोबांना असं वाचून दाखवा : "धुळे जिल्ह्यात उद्या एखाद-दुसऱ्या ठिकाणी जोराचा पाऊस, 65 एमएमच्या वर, बाकीकडे त्याहून कमी किंवा नाही. पडला तर पडेल, खात्री निम्म्याहून कमी." शेवटचं वाक्य अर्थात त्या दिवशीचा टक्का पाहून बदला. आणि एवढं लांबण त्यांना नको असेल, तर त्यांच्याच बोलीत : मुसयधार पानी सगयीकडे नही, पन जठे पडी तठे जोरमा पडी.