चीनमधल्या झोउझुआंगची घरं थेट कालव्याला लागून का बांधली आहेत?

कारण तिथे कालवा हाच मुख्य रस्ता होता. माल, पाहुणे, भाजीपाला सगळं होडीतून यायचं, म्हणून घराला पाण्याकडेही दार लागायचं. सुझोऊ शहराजवळचं हे गाव तळ्यांनी वेढलेलं आहे आणि व्यापारावरच वाढलं. १७४२ साली बांधलेला शेन वाडा पाहिला की हे कळतं: सात चौक, शंभरावर खोल्या, आणि अगदी पुढे पाण्याकाठी होड्या बांधायला, कपडे धुवायला घाट. त्याहून जुन्या झांग वाड्यात तर ओढाच घरातून वाहतो आणि होडी वळवायला आतच छोटं तळं ठेवलंय. माझ्या मते संपूर्ण गावातली सर्वांत सुंदर कल्पना हीच! पूलही तसेच, खालून होडी जाईल असे. प्रसिद्ध जोडपुलांतल्या एकाची कमान गोल, दुसऱ्याची चौकोनी, त्यामुळे दोन्ही मिळून जुन्या चिनी किल्लीसारखे दिसतात.

एक मात्र लक्षात घ्या. गावाची सुरुवात १०८६ची, झोउ नावाच्या गृहस्थाने बौद्ध मंदिराला जमीन दिली तेव्हापासूनची मानतात. पण आज दिसणारी जुनी घरं बहुतेक मिंग आणि छिंग राजवंशांच्या काळातली (१३६८ ते १९१२) आहेत, सगळी नऊशे वर्षांची नव्हेत.