झोपेच्या तक्रारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार महिने झाले, रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत नुसती कूस बदलत राहतो. दहाला आडवा होतो, सातला उठतो. झोप जेमतेम साडेपाच तास. आणखी लवकर झोपायला जावं का?

उत्तर : मुळीच नको. नऊ तास अंथरुणात आणि साडेपाच तास झोप, म्हणजे झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा) 61 टक्के. उरलेल्या साडेतीन तासांत अंथरूण आणि तळमळ यांची जोडी मेंदूत पक्की होत जाते. मूळ कारण कधीच मिटलेलं असतं, पण निद्रानाश टिकतो तो बहुतेकदा या सवयीवर.

आधी आठवडाभर सकाळी उठल्यावर अंदाजानेच नोंद ठेवा : कधी पडलात, साधारण किती झोपलात, कधी उठलात. सरासरी साडेपाच तास आली, तर अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणा. उठायची वेळ सहा ठरवा, ती सुट्टीच्या दिवशीही हलवायची नाही. मग अंथरुणात जायचं बाराला. डोळे मिटायला लागले तरी त्याआधी नाही, आणि दुपारची डुलकी बंद.

रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागेना, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. पेंग आली की परत या. ही वीस मिनिटं घड्याळात मोजू नका. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवा, नाहीतर ‘आता तीनच तास उरले’ हा हिशोब सुरू होतो आणि उरलीसुरली झोपही जाते.

आठवड्याची कार्यक्षमता 85 टक्क्यांवर गेली, की झोपायची वेळ 15 मिनिटं अलीकडे घ्या. 80च्या खाली राहिली, तर 15 मिनिटं पुढे ढकला. पण अंथरुणातला वेळ पाच तासांखाली नेऊ नका. 80 ते 85च्या मध्ये असाल तर आहे तसंच चालू द्या. पहिला-दुसरा आठवडा जड जातो. दिवसा झापड येते आणि नेमके तेव्हाच बरेच जण सोडून देतात. खरं तर झोपेची भूक वाढत असल्याचीच ती खूण असते. त्या दिवसांत लांबचं ड्रायव्हिंग मात्र टाळा. अपस्मार, बायपोलर आजार, झोपेत चालण्याची सवय किंवा घोरताना श्वास अडकणं यांपैकी काही असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

प्रश्न : जाग येते, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काही आहे.

उत्तर : बाहेरचं काही नाही. स्वप्नं पडतात त्या रेम झोपेत मेंदू स्नायूंना जवळजवळ पूर्ण सैल करून ठेवतो. कधी जाणीव आधी जागी होते आणि स्नायूंवरचा हा ताबा काही क्षण तसाच राहतो. बरगड्यांमधले स्नायूही सैल असतात, म्हणून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जाल तर छाती दबल्यासारखी वाटते. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) मात्र चालू असतं, त्यामुळे गुदमरण्याची भीती नाही. खोलीत कुणी असल्याचा भास म्हणजे अर्धवट उरलेलं स्वप्न. अंगाला झटका देत बसू नका. एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा. अपुरी झोप, कामाच्या पाळ्या बदलणं आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. सोबत दिवसा अनावर झोप येत असेल आणि हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर नार्कोलेप्सीची, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराची, तपासणी हवी.

प्रश्न : माझे यजमान (वय 62) पहाटे झोपेत ओरडतात, लाथा मारतात. एकदा पलंगावरून पडलेही. उठवलं की सांगतात, ‘कुणीतरी मागे लागलं होतं.’

उत्तर : हे झोपेत चालण्यासारखं नाही. ते गाढ झोपेतून, बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात होतं आणि माणसाला सहसा काही सांगता येत नाही. इथे वेळ पहाटेची आहे आणि स्वप्न आठवतंय. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे रेम झोपेत स्नायू सैल व्हायला हवेत, ते नीट होत नसावेत. हा रेम झोपेतला वर्तन-विकार असू शकतो. 1986मध्ये तो वेगळा आजार म्हणून नोंदला गेला. काही नैराश्यरोधक गोळ्यांनीही असं होतं आणि झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही हुबेहूब असं दिसू शकतं, म्हणून स्नायूंच्या नोंदीसह पॉलिसोम्नोग्राफी (रात्रभराच्या झोपेची तपासणी) करून घ्या. न्यूरॉलॉजिस्टना दाखवणं टाळू नका, कारण काहींमध्ये पार्किन्सन्ससारख्या आजाराची ही कित्येक वर्षं आधीची खूण असते. आज रात्रीपासून गादी जमिनीवर घ्या, टोकदार सामान आणि काच दूर ठेवा, आणि निदान होईपर्यंत तुम्ही वेगळ्या अंथरुणावर झोपा.