सुट्टीत दहा-बारा लेकरांकडून घरच्या घरी काय करून घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: गाव परभणीजवळ, मे महिना, गल्लीतली बारा लेकरं, वय ६ ते १३, आणि खर्च जमेल तितका कमी. माझा आग्रह ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाडीसाठी आहे. कडबा तुमच्याकडे आहेच, आणि लेकरांच्या हाताला नेमकेपणाची सवय लावणारं इतकं चांगलं सामान विकत मिळत नाही.

मालदांडीसारख्या रब्बी ज्वारीचा कडबा घ्या, बोटाएवढ्या जाड धांड्यांचा. एका लेकराला तीन धांडे धरा आणि फुटतुटीसाठी थोडे जास्त ठेवा. पेंढी गंजीतून काढल्यावर आधी उघड्यावर मोठ्या माणसाने काठीने झटकावी. उन्हाळ्यात गंजीत विंचू असतो, यात हयगय नको. धांडा चिरल्यावर आत लाल दिसला तर टाकून द्या. तो बहुधा खोडकिडीने पोखरलेला असतो आणि दाबला की चुरा होतो.

गाठी कापून १५ सेंमीची कांडी करून ठेवा. नंतर साल सोलायची. एका टोकाला चाकूने ३ मिमीची चीर द्या आणि पट्टी सरळ ओढा, ती टोकापर्यंत अखंड निघते. या सालीची कड ब्लेडसारखी असते, म्हणून अंगठ्याला कापडाची चिंधी बांधा. सोलण्याचं काम दहा वर्षांच्या पुढच्यांचंच, धाकट्यांनी जोडणी करावी. वाळलेली साल वाकवताना कडकन मोडते. जी वाकवायची ती अर्धा तास पाण्यात ठेवा.

आतलं पांढरं भेंड फार नाजूक असतं. जोरात धरलं की बोटाचा खड्डा पडतो आणि तो परत वर येत नाही. भेंडाचे दोन लांब तुकडे गाडीच्या दोन बाजूंना घ्या. सालीच्या ७ सेंमीच्या चार काड्यांना तिरपं टोक करा आणि त्या तीन-तीन सेंमीवर आडव्या टोचा. काडी सरळ दाबायची, पिरगाळायची नाही, पिरगाळली की भोक मोठं होतं. एकदा टोचलेली काडी काढून त्याच भोकात परत बसवू नका, शेजारी नवं भोक घ्या. बहुतेक गाड्या खिळखिळ्या होतात त्या या उपटाउपटीनेच. पुढे लांब सालीची धुरी, तिच्यावर आडवं जू. बैल सगळ्यात सोपे: ५ सेंमीचं भेंड, चार पाय, मान आणि दोन शिंगं. सहा वर्षांचं लेकरू ते एकटं करतं.

चाकांशी मात्र सगळे अडतात. धांड्याच्या बुडखाकडच्या जाड कांड्याच्या, सालीसकट, १ सेंमीच्या चकत्या कापा. विळ्याने चकती चेपते, म्हणून हेक्सॉ ब्लेड वापरा. भेंड काडीला घट्ट धरतं, त्यामुळे चाक आखावर फिरत नाही. मग आखच फिरू द्या. ज्यूसच्या पुड्यातल्या बारीक स्ट्रॉचा तुकडा गाडीखाली दोऱ्याने बांधा, त्यातून अगरबत्तीची काडी घाला आणि दोन्ही टोकांना चाकं दाबून बसवा. गाडी पळते.

दुसऱ्या आठवड्यात कागदाच्या लगद्याच्या वाट्या घ्या. बारा वाट्यांना १ किलो वर्तमानपत्राची रद्दी पुरते. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, तो नीट भिजत नाही. कागद बोटाच्या पेराएवढा फाडून एक दिवस भिजवा. त्याहून जास्त ठेवला तर या उन्हाळ्यात आंबून वास सुटतो. पिळून काढलेलं पाणी झाडाला घाला, मे महिन्यात ते सांडू नये. १०० ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटा आणि कागदासोबत कुटा. मेथी चिकटपणा देते, आणि तिच्या कडूपणामुळे कसर लागत नाही असा जुन्या बायकांचा अनुभव आहे.

उपड्या वाटीवर ओलं फडकं पसरून लगदा अर्धा सेंमी जाड थापा. वाळवायला लगेच उन्हात ठेवू नका, आधी ओसरीवर ठेवा. लगदा वाळताना आक्रसतो, आतली स्टीलची वाटी आक्रसत नाही, म्हणून कडेला तडे जातात. पाच-सहा तासांनी लगदा आकार धरू लागला की साचा काढून घ्या, मग दोन दिवस सावलीत आणि शेवटी एक दिवस उन्हात ठेवा. तळ नेहमी मागे राहतो. वाटीचा तळ गालाला लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे, आणि त्यावर गेरू लावला तर आतून बुरशी धरेल. शाईचा कागद असल्याने या वाट्यांत खाऊ नको; पिना, बटणं, गजगे ठेवा.

काम सकाळी आठ ते साडेदहा घ्या, आणि प्रत्येक धाकट्याला एक थोरलं लेकरू जोडून द्या.