कपाटामागचा काळा कोपरा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज वाचला. लंडनच्या हॅरो भागातल्या घरात येऊन दोन महिने झाले, तेवढ्यात कपाटामागचा कोपरा काळा पडला, घर आणि पाणी तापवणारा बॉयलर रुसून बसला, पहाटे तीनला छतावर काहीतरी चिवचिवतं, चहावर पांढरा तवंग येतो. आणि घरमालक म्हणतो, "खिडक्या उघडत जा." त्याचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं इथे लिहिते. बघशील, यातल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्याच आहेत. कुठे ते नको तिथे साचलंय, कुठे हवं तिथे कमी पडलंय.

आधी कोपरा, कारण तिथे आपली जन्माची सवय उलटी करावी लागते. आपल्याकडे आषाढात ओल बाहेरून येते, म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो. तिकडे नोव्हेंबरात ओल आतच तयार होते. तुझा श्वास, अंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर (भिंतीला लावलेल्या, आत गरम पाणी फिरणाऱ्या पत्र्यावर) टाकलेली जीन्स, सगळ्याची वाफ घरातच राहते. बाहेर पाऊस पडत असला तरी ५ अंशांच्या हवेत वाफ मुळात थोडीच मावते. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता जेमतेम ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळी, गार हवा आत घेतली की घर वाळतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण असंच आहे.

काळं तिथेच का पडलं, तेही बघ. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं. खिडकीच्या काचेवरचं तुला सकाळी दिसतं, म्हणून तू पुसतेस. कपाटामागची भिंत बाहेरच्या बाजूची, कपाट तिला चिकटलेलं, तिथे उबेची हवा पोचतच नाही. म्हणून कपाट किमान पाच-सात सेंटीमीटर पुढे ओढ. जमलं तर ते आतल्या भिंतीला लाव, सगळ्यात उत्तम.

दहा पौंडांच्या आत हवेतली आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो, तो घे. आकडा ४० ते ६० टक्क्यांमध्ये राहायला हवा. सकाळी उठल्यावर आणि अंघोळीनंतर समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघड. दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण तेवढ्यात हवा बदलते आणि भिंती गार होत नाहीत. खिडकीच्या चौकटीत वर एक सरकती फट असते, ट्रिकल व्हेंट. आधीच्या भाडेकरूने थंडी येते म्हणून तिला चिकटपट्टी लावली असेल. काढून टाक.

बाथरूमचा पंखा चालतो असं म्हणतेस. घरघरतो म्हणजे चालतो असं नाही. टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीला लावून बघ. चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. खाली पडला तर आत धूळ बसलीय किंवा मोटर गेलीय, आणि ते काम घरमालकाचं. शेगडीवरच्या धूर-वाफ ओढणाऱ्या हूडचंही तेच. त्याची हवा वरच्या किंवा पुढच्या फटीतून तुझ्याच तोंडावर येत असेल, तर तो फक्त गाळून तीच हवा परत सोडतो, वाफ कुठेच जात नाही. मग कुकर लावताना खिडकी उघडायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं.

कपड्यांचं सगळ्यात मोठं. एका मशीनभर धुतलेल्या कपड्यांत साधारण दोन लिटर पाणी उरतं. ते तू झोपायच्या खोलीत वाळत घातलंस, तर तेवढं पाणी रात्रभर हवेत सोडतेस. आधी मशीनवर जास्त फेऱ्यांचं एक स्पिन पुन्हा दे. मग स्टँड बाथरूममध्ये, दार बंद, पंखा चालू. हे रोजचं असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषून टाकीत साठवणारं यंत्र, घे. उबदार खोलीला कॉम्प्रेसरचा चालतो, साधारण दोनशे वॅट खातो. टाकीत साठलेलं पाणी ओतताना तुलाच कळेल, ते कुठे जाणार होतं.

आता जे काळं झालंय ते पुसताना कोरडा ब्रश लावू नकोस, कण घरभर उडतात. हातमोजे घाल, खिडकी उघड, बुरशीचा ब्लीच असलेला स्प्रे मार, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ थांब, ओल्या फडक्याने पूस आणि फडकं फेकून दे. भिंत नीट वाळू दे. त्यावर नुसता रंग मारला तर दोन महिन्यांत परत येतं.

पण सगळी ओल तुझी नसते, आणि इथेच घरमालकाचं उरलेलं अर्धं येतं. जमिनीपासून वर चढलेली, खाली ओली आणि वर मिठासारखी पांढरी रेघ, किंवा पावसानंतर मोठा होत जाणारा पिवळट डाग, हे श्वासाने होत नाही. ते गटर, छप्पर, पाइप यांचं दुखणं. इमारतीचा ढाचा आणि बाहेरचा भाग नीट ठेवणं हे १९८५ च्या भाडेकायद्याच्या अकराव्या कलमाने इंग्लंडमध्ये घरमालकावरच आहे. फोनवर भांडू नकोस. ईमेल कर: कुठली खोली, कधीपासून, तीन फोटो, आठवडाभराचे हायग्रोमीटरचे आकडे, तू काय काय करून पाहिलंस, आणि कुठल्या तारखेपर्यंत माणूस पाठवणार हा प्रश्न. सूर मऊ ठेव, तारीख पक्की ठेव. आकडे ५५ च्या आत असूनही डाग वाढतोय असं दिसलं, की 'खिडक्या उघडत जा' हे उत्तर त्याला पुरत नाही. तरी हलला नाही तर कौन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाकडे तीच ईमेल पुढे पाठव.

बॉयलर. तुझा कॉम्बी आहे, म्हणजे गरम पाण्याची टाकी नाही, बंद नळ्यांतून तेच पाणी फिरतं. समोरच्या गोल काट्यावर थंड असताना पाण्याचा दाब १ ते १.५ बार हवा. काटा त्याच्या फार खाली गेला की बॉयलर स्वतःहून बंद पडतो. बॉयलर बंद करून निवू दे. खाली वाकून बघ, चंदेरी विणीची एक नळी दोन नळांना जोडणारी दिसेल, ती फिलिंग लूप. (काही मॉडेलांत नळीऐवजी एक निळी कळ किंवा प्लास्टिकची चावी असते.) आधी एक व्हॉल्व्ह पूर्ण उघड, मग दुसरा अगदी हळू. पाण्याचा सूं आवाज येईल. नजर काट्यावरून हलवू नकोस. १.३ ला आलं की दोन्ही बंद, मग रीसेट.

इथे लोक एकच चूक करतात: एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. काटा हळूहळू चढत ३ वर जातो, सुरक्षा झडप उघडते आणि बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकू लागतं. घाबरू नकोस. व्हॉल्व्ह घट्ट कर आणि एखाद्या रेडिएटरमधून थोडं पाणी सोड. पण महिन्यात दोनदा-तीनदा भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळतंय किंवा आतली एक्स्पान्शन व्हेसल (दाब सांभाळणारी छोटी टाकी) गेलीय. भरत बसू नकोस, तारखांसकट कळव. आणि पुढचं झाकण स्वतः कधीही उघडू नकोस, ते काम 'गॅस सेफ' या गॅस-कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या माणसाचंच. घरमालकाला दरवर्षी गॅसची तपासणी करून त्याचा कागद तुला द्यावाच लागतो. तो मिळाला नसेल तर याच ईमेलमध्ये माग.

जानेवारीत कडाक्याच्या रात्रीनंतर बॉयलर गुळगुळ आवाज करत बंद पडला, तर दाब बघण्याआधी बाहेर जा. भिंतीतून निघून गटाराकडे जाणारी पांढरी प्लास्टिकची नळी गोठलेली असते. तिच्यावर कोमट पाणी ओत, उकळतं नाही, नाहीतर तडकेल. मग रीसेट.

रेडिएटर वर गार, खाली गरम असेल तर आत हवा आहे. हीटिंग बंद कर, निवू दे, वरच्या कडेच्या चौकोनी खिट्टीत चावी घालून डावीकडे पाव फेरा फिरव, खाली फडकं धर. फुस्स थांबून पाणी आलं की बंद कर. नंतर बॉयलरचा काटा बघ, उतरलेला असेल. उलटं, म्हणजे वर गरम आणि खाली गार असेल, तर आत गाळ आहे, तो तुझा प्रांत नाही. आणि खालच्या गोल बटणावरचे १ ते ५ हे वेगाचे आकडे नाहीत. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. ३ वर साधारण वीसेक अंश.

चहावरचा तवंग म्हणजे लंडनच्या जड पाण्यातला चुना. किटलीत पाणी उकळून बंद कर, त्यात दोन चमचे लिंबूसत्व टाक, अर्धा तास ठेव, ओत, दोनदा साधं पाणी उकळून टाक. महिन्यातून एकदा पुरे. शॉवरच्या जाळीला व्हिनेगरची पिशवी बांधून ठेवली की भोकं मोकळी होतात. मात्र ज्या दिवशी बुरशीला ब्लीच लावशील त्या दिवशी बाथरूममध्ये व्हिनेगर किंवा लिंबूसत्व आणूच नकोस. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि ती खोली लहान असते.

पहाटेची चिवचिव पाण्याची नव्हे, सेलची. दर अर्ध्या-एक मिनिटाने एकच 'चिक' म्हणजे सेल संपत आलाय. पहाटे घर सगळ्यात गार असतं, गारठ्याने सेलचं व्होल्टेज आणखी उतरतं, म्हणून मुहूर्त तीनचा. स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म दोघेही असेच चिवचिवतात, म्हणून एकेकाखाली मिनिटभर उभी राहून खात्री कर. ९ व्होल्टचा चौकोनी सेल बदलता येतो. सीलबंद दहा वर्षांचा असेल तर अख्खा अलार्म बदलतात, मागे तारीख छापलेली असते. छताच्या विजेवर चालणाऱ्या अलार्मलाही आत सेल असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पण चिवचिव नव्हे, सलग मोठा आवाज कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्ममधून आला, तर खिडक्या उघड, बॉयलर बंद कर, बाहेर ये आणि गॅसच्या आणीबाणीच्या ०८०० १११ ९९९ ला फोन लाव.

फोडणीला स्मोक अलार्म वाजतो तो वेगळा प्रश्न. अलार्मवर प्लास्टिकची टोपी चढवू नकोस, सगळे विद्यार्थी तेच करतात. धूर तेलाचा नसतोच बहुधा, लाल मिरची आणि हिंगाचा असतो. तेलात मोहरीचा एक दाणा टाकून बघ, तडतडला की बाकीची मोहरी, मग आच बंद करून हिंग-हळद-मिरची. हूड आणि खिडकी पाच मिनिटं आधी. अलार्म स्वयंपाकघरातच असेल तर तिथे धुराऐवजी उष्णतेचा बसवून द्या, असं घरमालकाला सांग, त्या अलार्मला फोडणीचं काही वाटत नाही.

उशिरा आलेल्या ट्रेनच्या पैशांचंही थोडक्यात. ट्यूबला (लंडनच्या मेट्रोला) चूक त्यांची असून १५ मिनिटं उशीर झाला तर भाडं परत मिळतं. संप, हवामान, पोलिसी कारण असेल तर नाही. मोठ्या रेल्वेचा हिशेब वेगळा, तिथे कारण विचारत नाहीत: बहुतेक कंपन्या १५ मिनिटांना चौथा हिस्सा, ३० ला निम्मं आणि तासाला एकेरी भाडं पूर्ण देतात. दोन्हीकडे मुदत २८ दिवस. तिकिटाचा फोटो गाडीत बसल्याबसल्या काढून ठेव, कारण परतताना गेटमध्ये ते गिळलं जातं.

डिसेंबरात पुण्याला येतेस ना? निघताना थर्मोस्टॅट बंद करू नकोस, १२ अंशांवर ठेव, नाहीतर नळ्या गोठून फुटतात. स्वयंपाकघराच्या सिंकखाली मुख्य नळ असतो, स्टॉपकॉक, तो घड्याळाच्या दिशेने बंद कर. हीटिंगचं पाणी वेगळं, बंद वर्तुळातलं असतं, त्यामुळे ती चालूच राहते. नळ वर्षानुवर्षं हललेला नसेल तर पान्याने जोर लावू नकोस, मोडला तर पूर येईल. आत्ताच, घरात असताना, हाताने फिरवून बघ आणि घट्ट असेल तर कळव. ट्रिकल व्हेंट उघड्या, कपाट पुढे, मीटरचा फोटो. आणि विमान २५ डिसेंबरचं असेल तर त्या दिवशी ट्यूब, बस, ट्रेन काहीच नसतं. हीथ्रोची टॅक्सी आधीच ठरवून ठेव.

कळावे.

तुझी,
काकू