जोत्याआधी पाणी बघ

अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या घराचा तुझा नकाशा परवा मिळाला. चौक छान जमलाय. पश्चिमेला ओसरी काढून दुपारचं ऊन अडवलंस, तेही आवडलं. पण त्यात कृष्णा फक्त खिडकीतून दिसते, जोत्यात, म्हणजे जमिनीपासून घर उचलून घेणाऱ्या चौथऱ्यात, कुठेच नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आणि तू जोतं दाखवलंस दोन फूट! गच्चीवर बाग आणि दारात वेल असली की घर निसर्गाशी जुळलं, असं हल्ली समजतात. मला ते पटत नाही. पाणी कुठून शिरतं, कुठवर चढतं, कुठून उतरतं, हे आधी कळायला हवं. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचार. २००५ ला कुठवर आलं, २०१९ ला, २०२१ ला? भिंतींवरच्या गाळाच्या खुणा ते बोट ठेवून दाखवतील. पूररेषेचा नकाशाही बघ. जागा निळ्या रेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्यात, असेल तर मालकांना स्पष्ट सांग, इथे घर नको. काम हातचं गेलं तरी चालेल.

वाईचा ढोल्या गणपती तू पाहिला असशीलच. लोक समोरून दर्शन घेऊन परततात. तू मागे जा. ती भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. १७६२ सालचं काम. बांधणाऱ्यानं नदी येणार हे धरूनच दगड लावलेत. तिथे उभं राहिलं की मला अजून भरून येतं.

दुसरं, माती. उमेदीच्या काळात मिरजेकडच्या काळ्या रानात मी एक घर बांधलं. खालचा मुरूम लागेपर्यंत खणायचं सोडून काळ्या मातीतच पाया थांबवला. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपऱ्याची भिंत तिरकी तडकली. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, नुसती तड दाखवली. म्हणून सांगतो, खड्डा घेतल्याशिवाय पायाची रेघ ओढू नकोस.

दगड-मातीच्या भिंती तुला हव्यात, हे वाचून आनंद झाला. इथला काळा दगड इथेच वापरावा, या मताचा मीही आहे. पण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरू नकोस. जाड भिंतीचे आतले-बाहेरचे थर आरपार दगडांनी बांधलेले नसले, तर हादऱ्यात ते सुटून ढासळतात. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांच्या आत आरपार दगड घालायचा, दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून सलग पट्टा फिरवायचा. गवंडी "कशाला?" म्हणेल. तू तिथून हलू नकोस.

छपराचं भेटीत बोलू. माण तालुक्यातलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि महाबळेश्वरचं उतरतं छप्पर एकाच सातारा जिल्ह्यात का, याचा तोवर विचार करून ठेव.

येत्या रविवारी टेप घेऊन प्लॉटवर जा. पुराच्या खुणेची उंची मोजून कळव, मग जोतं ठरवू.