उन्हाळी महोत्सव: कोणता बँड ऐकायचा, कोणता सोडायचा

जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत युरोपात मोकळ्या रानात संगीत महोत्सव भरतात. तिकडे राहणाऱ्या किंवा सुट्टीत तिकडे जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न बहुतेक एकाच जातीचे असतात: एवढ्या नावांतून निवड कशी करायची? त्यातल्या काहींची ही उत्तरं.

प्रश्न: पहिल्यांदाच ग्लास्टनबरीला जायचा विचार आहे. यादीत शेकडो नावं दिसतात. सुरुवात कुठून करू? (लंडन)

आधी एक गोष्ट. २०२६ हे ग्लास्टनबरीचं विश्रांतीचं वर्ष आहे. इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या पिल्टन गावात तो जिथे भरतो, ते वर्दी फार्म हे दुभत्या गाईंचं चालू शेत आहे आणि कुरणाला सावरायला दर काही वर्षांनी एक उन्हाळा मोकळा सोडतात. त्यामुळे तुमच्याकडे तयारीला भरपूर वेळ आहे.

सुरुवात नकाशापासून करा, नावांकडे नंतर वळा. इथे दोन लाखांवर माणसं असतात आणि शंभरावर लहानमोठी स्टेजेस. मुख्य पिरॅमिड स्टेजपासून टेकडीवरच्या पार्क स्टेजपर्यंत कोरड्या वाटेने २०-२५ मिनिटं लागतात. चिखल असेल, किंवा पिरॅमिडचा मोठा कार्यक्रम नुकताच सुटला असेल, तर हाच वेळ सहज दुप्पट होतो. कागदावर ‘८.१५ ला इथला संपतो, ८.३० ला तिथला सुरू’ हे सुरेख दिसतं, प्रत्यक्षात ते जमत नाही.

मोठी स्टेजेस शुक्रवार ते रविवार चालतात. रोज दोनच नावं ‘काही झालं तरी’ या खात्यात टाका आणि तीन ‘जमलं तर’ या खात्यात. बाकीचा वेळ कोरा ठेवा. जेवण, पाणी, स्वच्छतागृहाची रांग आणि वाटेत अचानक कानावर पडलेला अनोळखी बँड यांना तो लागतोच. रोज दहा बँड गाठायला गेलात, तर एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी आठवतात त्या फक्त पायवाटा.

नावं निवडताना स्टुडिओतली गाणी ऐकून ठरवू नका. त्या बँडचं गेल्या वर्षभरातलं एखादं प्रत्यक्ष कार्यक्रमाचं चित्रण १५ मिनिटं पाहा. गायकाचा आवाज तिसऱ्या-चौथ्या गाण्यात टिकतो का, हे तिथेच कळतं. मग सेटलिस्ट डॉट एफएमवर त्यांच्या ताज्या कार्यक्रमांची गाण्यांची यादी बघा. बरेच बँड दौराभर जवळपास तीच यादी वाजवतात. पाऊण तासाच्या सेटमध्ये (एका बँडच्या सलग कार्यक्रमात) नऊ-दहा गाणी बसतात आणि सगळ्यांना हवं असलेलं गाणं बहुधा शेवटच्या दोनांत असतं.

प्रश्न: माझे दोन आवडते बँड नेमके एकाच वेळी आले तर? (बर्मिंगहॅम)

याला तिकडे ‘क्लॅश’ म्हणतात आणि तो टळत नाही. वेळापत्रक जाहीर झालं की क्लॅशफाइंडर नावाच्या संकेतस्थळावर सगळी स्टेजेस एकाशेजारी एक रकान्यांत दिसतात. तुमची नावं तिथे ठळक करून ते पान छापून घ्या.

मग तीन गोष्टी तपासा. दोघांपैकी कोणी येत्या हिवाळ्यात तुमच्या शहरात येणार आहे का? येणार असेल तर त्याला आत्ता सोडा. दुसरं, कोणाचा कार्यक्रम टीव्हीवर दिसणार आहे? ग्लास्टनबरीच्या मोठ्या स्टेजेसवरचे बरेच सेट बीबीसी आयप्लेअरवर नंतरही बघता येतात, पण लहान तंबूतले बहुतेक सेट कुठेच दिसत नाहीत. म्हणून टक्कर बरोबरीची असेल तर लहान स्टेज निवडा. तिसरं, संगीताला जागा मानवते का? कुजबुजीत गाणारी गायिका दुपारच्या उघड्या मैदानात विरून जाते, तिला तंबू हवा.

तरीही दोन्ही हवेच असतील, तर अर्धा-अर्धा सेट घ्या, पण जो जास्त जवळचा त्याचा उत्तरार्ध घ्या. महोत्सवात बँडला नीट साउंडचेक (आधी आवाज तपासून जुळवायची संधी) मिळत नाही. प्रत्येक माइक आणि वाद्य चालू आहे ना, एवढंच घाईने तपासतात. त्यामुळे पहिली दोन-तीन गाणी ध्वनितंत्रज्ञ आवाज जुळवत असतो: कधी गिटार गाडली जाते, कधी गळा. तिसऱ्या गाण्यानंतर घडी बसते. किंमत एवढीच की उशिरा पोचल्यावर मागे उभं राहावं लागतं.

प्रश्न: स्टेजच्या अगदी पुढे घुसायचं की मागे थांबायचं? कानाचं काय? (डब्लिन)

आवाजासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे मिक्सरच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्राच्या, मचाणाच्या आसपास, मधल्या रेषेवर. तंत्रज्ञ तिथे उभा राहून ऐकतो आणि त्याच जागेसाठी आवाज जुळवतो. ढोल आणि बेसचा दणका मधल्या रेषेवर सर्वांत जास्त, कारण दोन्ही बाजूंच्या बेस स्पीकरचा आवाज तिथे एकाच क्षणी पोचतो. बाजूला सरकलात की काही स्वर फुगतात, काही गळतात. फार मागे गेलात तर वाऱ्याच्या झोताबरोबर आवाज येतो-जातो. शंभर मीटरवर तो चित्राच्या साधारण तीन दशांश सेकंद मागे असतो. पडद्यावर काठी आधी पडते आणि ठोका नंतर ऐकू येतो.

अगदी पुढे जायचं ते चेहरे पाहायला आणि गर्दीचा भाग व्हायला. त्यातही मजा आहे, पण गर्दीत हात छातीसमोर ठेवा, जमिनीवर पडलेली वस्तू उचलायला वाकू नका आणि दाब वाढला तर तिरके मागे सरका. डेन्मार्कच्या रोस्किल्डे महोत्सवात २००० साली पुढच्या गर्दीत नऊ जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे मुख्य ऑरेंज स्टेजसमोरची जागा कुंपणांनी विभागली आणि आत मोजकीच माणसं सोडू लागले. तिथे पुढे उभं राहायचं तर बऱ्याच आधी रांग लावावी लागते, म्हणजे त्याआधीचा एखादा बँड सोडावा लागतो. निवड करताना हाही हिशेब धरा.

कानाच्या बाबतीत तडजोड नको. ८५ डेसिबल आठ तास सोसतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि मोठ्या स्टेजपुढे तेवढा आवाज सहज असतो. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठी बनवलेले, गाळणीचे इअरप्लग सगळे स्वर साधारण सारखेच खाली आणतात. फोमचेच असतील तर वातीसारखे बारीक वळा, विरुद्ध हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसते कोंबलेले बोळे फारसं काही अडवत नाहीत. लहान मुलांना कानावर बसणारे मफच घाला.

प्रश्न: ‘गुप्त’, म्हणजे खरं नाव लपवून होणाऱ्या, कार्यक्रमांच्या मागे धावावं का? (लीड्स)

एखाद्यावर जरूर, सगळ्यांवर नाही. २०२३ मध्ये ग्लास्टनबरीच्या यादीत ‘द चर्नअप्स’ नावाचा कोणाला माहीत नसलेला बँड होता, तो निघाला प्रसिद्ध रॉक बँड फू फायटर्स. २०२५ मधला ‘पॅचवर्क’ म्हणजे पल्प हा नावाजलेला बँड. मोठ्या स्टेजवर चांगल्या वेळी अनोळखी नाव दिसलं की समजून जा. ही पिरॅमिडवर असतील तर जागा मिळते. मध्यम स्टेजवर मात्र सावध राहा: २०२४ मध्ये आधीच जाहीर असलेल्या शुगाबेब्स या पॉप गटासाठीही एवढी माणसं लोटली की वेस्ट होल्ट्स स्टेजचा परिसर बंद करावा लागला. अशा वेळी आधीच्या बँडलाच जाऊन बसायचं. रविवारी दुपारी पिरॅमिडवर ‘लेजंड्स’चा, म्हणजे जुन्या दिग्गजांचा, मानाचा सेट असतो (२०२४ ला शनाया ट्वेन, २०२५ ला रॉड स्टुअर्ट). त्या तासाला बाकीच्या स्टेजेसवर ऐसपैस जागा मिळते.

प्रश्न: पाच मित्र, पाच आवडी. (रेडिंग)

वेगळे व्हा. भेटायची वेळ आणि न हलणारी खूण सकाळीच ठरवा: पाण्याचा अमुक नळ, अमुक दुकानाची डावी बाजू. ‘झेंड्याजवळ’ नको, झेंडे जागा बदलतात. गर्दीत फोनचं नेटवर्क कोलमडतं आणि ‘कुठे आहेस’ हा निरोप तासाभराने पोचतो. पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग निघायचं, हेही आधीच ठरवा.

प्रश्न: पुण्याहून शिकायला आलोय, मेटल ऐकतो. वाकेनच्या मेटल महोत्सवाला कसं आखू? (हॅम्बुर्ग)

तुमचं काम सोपं आहे. वाकेनची ‘फास्टर’ आणि ‘हार्डर’ ही दोन मुख्य स्टेजेस शेजारी-शेजारी आहेत. एकावर वाजत असताना दुसऱ्यावर मांडामांड चालते, त्यामुळे या दोघांची टक्कर होत नाही. दोन्हींच्या मधोमध, जरा मागे उभे राहिलात की मान वळवली तरी पुरे. टक्कर होते ती बाकीच्या स्टेजेसशी, आणि नवे बँड तिथेच सापडतात. दिल्लीचा ब्लडीवूडही २०१९ मध्ये वाकेनला वाजवून गेला.

खरा प्रश्न चिखलाचा. २०२३ मध्ये पावसाने शेताचं पार दलदलीत रूपांतर झालं आणि तिकीट असलेल्या हजारोंना वाटेतूनच परतावं लागलं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, मोज्यांचे जोड दिवसागणिक दोन. चिखलात चालायचा वेळ दुप्पट धरून यादीतलं दर दिवसाचं एक नाव आधीच कापा.

प्रश्न: आई-बाबा कोल्हापूरहून जुलैत येताहेत. शास्त्रीय ऐकणारी माणसं आहेत. त्यांना असं काही झेपेल का? (ब्रिस्टल)

वोमॅडला न्या. १९८२ पासून चालत आलेला हा जगभरच्या संगीताचा महोत्सव आहे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खान याच महोत्सवात गायले आणि कव्वालीला तिथे नवा श्रोता मिळाला. २०२५ ला खंड पडला, २०२६ साठी विल्टशरमधलं नेस्टन पार्क जाहीर झालं आहे.

त्यांना एका स्टेजसमोर बसून ऐकायची सवय आहे, म्हणून दिवसाला तीनच कार्यक्रम ठरवा आणि तेही शक्यतो एकाच भागातले. घडीच्या खुर्च्या आणि पातळ शाली न्या. ऊन उतरलं की जुलैतही गार होतं. खुर्च्या मिक्सरच्या मागे, कडेला टाका. पुढे टाकल्यात तर उभ्या माणसांच्या पाठीच दिसतील. ‘टेस्ट द वर्ल्ड’ चुकवू नका. तिथे कलावंत आपल्या गावाकडचा पदार्थ प्रेक्षकांसमोर शिजवतात, मध्ये गप्पा मारतात, वाजवतातही. आईंना पुढची जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी पोचा.